तुलनात्मक तक्ता

छत्तीस वर्षं एजी ऑफिसात हिरव्या शाईनं
दुसऱ्यांच्या आकड्यांपुढे बरोबरच्या खुणा केल्या.
निवृत्तीनंतर हे एक काम आलं:
नागपुरातल्या चौदा सेवाभावी संस्था,
कोण कोणाला किती देतं
आणि कामाला कोण कोण आहे.
"फक्त तुलना करा, धकातेसाहेब,
निष्कर्ष आम्ही काढू."

मे महिना. पहिली संस्था धरमपेठेत.
संचालकांच्या खोलीत एसी,
हिशेबनिसाला खिडकीतला कूलर,
फिल्डवरून आलेल्या पोरी व्हरांड्यात,
जिथं कूलरची पाठ असते.

पहिल्या पानावर वेतन.
दुसऱ्या पानावर मानधन.
तिसऱ्यावर नुसता प्रवासभत्ता,
आणि चौथं पान नाहीच,
चौथ्या पानावरच्या माणसांना स्वयंसेवक म्हणतात.
सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, तेच रजिस्टर, तीच सही;
शब्द बदलला की साडेसात हजार उतरतात.

आडनावाचा रकाना मी मागितला नव्हता,
नावासोबत तो आलाच.
भाचीनं लॅपटॉपवर पगाराप्रमाणे उतरती लावून दिली
आणि आडनावं आपोआप रांगेत उभी राहिली,
लक्ष्मीनगरहून बस निघावी तशी:
धरमपेठ, बर्डी, गड्डीगोदाम, इंदोरा,
शेवटचा थांबा टेका नाका.
चौदांतल्या बारा बसेसचा एकच रूट.

"आमच्याकडे कोणी कोणाची जात विचारतच नाही,"
एक ताई अगदी मनापासून म्हणाल्या.
खरंच आहे. मीही विचारली नव्हती.

रकान्यांवर माझा राग नाही.
माझाच दाखला एकोणीस वर्षं पडताळणीत होता,
हलबा की कोष्टी हे ठरायच्या आधी
गळ्यात निरोपाचा हार पडला.
रिकामा रकाना किती जड असतो, मला माहीत आहे.

मोमिनपुऱ्यात दोन खोल्यांची एक संस्था सापडली.
फिरदौसबाई संचालक, तेवढेच घेतात जेवढे झाडूवाला घेतो:
अकरा हजार, सगळ्यांना.
समानता शंभर टक्के.
फेब्रुवारीपासून कोणालाच मिळालेले नाहीत.
ही नोंद कुठल्या रकान्यात लिहू
ते अजून ठरत नाही.

आणि चंद्रकला मडावी.
तीन वार्षिक अहवालांच्या मुखपृष्ठांवर तीच बाई,
एकदा पाटीपुढे, एकदा रोपाला पाणी घालताना,
एकदा नुसतीच हसताना.
तिन्ही अहवालांच्या 'विविधता' या पानावर ती मोजलेली.
पगारपत्रकं तिन्ही उलटली, दोनदा उलटली.

शेवटी स्वयंपाकघरात सापडली.
"आहो ना जी, तिन्ही जागी आहो.
एका जागी आदिवासी म्हणून,
एका जागी बाईमाणूस म्हणून,
तिसरीकडं नवरा वारला म्हणून.
पैसे मात्र तिन्हीकडून सैपाकाचेच भेटतात."
तिन्हीकडचे मिळून नऊ हजार दोनशे. रोख. व्हाउचरवर.

ऑडिटचा नियम सोपा आहे: माणूस एकदाच मोजायचा.
मी तिला एकदाच मोजलं
तर दोन संस्थांची विविधता शून्यावर येते
आणि तिच्या पैशांत फरक पडत नाही.
तिनदा मोजलं तर तक्ता सुंदर दिसतो.
पेनाचं टोपण उघडून बसलो होतो,
उन्हानं शाई निबेवरच वाळली.

ती भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवत म्हणाली,
"तुमाले किती भेटते जी, हे लिवून नेण्याचे?"

मानधन आहे, मी म्हणालो.

तिनं आकडा विचारला.
छत्तीस वर्षांत मला कोणी आकडा विचारला नव्हता,
मीच विचारायचो.
सांगितला.

"बाप्पा," ती म्हणाली, "एवढा मान!"