हक्कसोड

महाप्याला रात्रीचे पावणेतीन.
मे महिना, तरी सर्व्हरच्या खोलीसाठी
खुर्चीच्या पाठीला माझा स्वेटर असतो.
पडद्यावर दोन व्यवहार अडकलेत.
एकाने चारशे अकरा नंबरचं खातं धरलंय, त्याला नऊशे दोन हवंय.
दुसऱ्याने नऊशे दोन धरलंय, त्याला चारशे अकरा.
दोघेही सभ्य. दोघेही थांबलेत.
कुणी सोडत नाही.

इर्शाद नवा आहे. विचारतो, आता?
मी म्हणते, ज्याच्या-त्याच्या घरावर आहे.
मायएसक्यूएल लगेच ओळखतो, आणि
ज्याने कमी लिहिलंय त्याला मागे फिरवतो.
पोस्टग्रेस आधी सेकंदभर वाट बघतो,
न जाणो, आपसात मिटेल.
ओरॅकल फक्त अडकलेलं वाक्य परत घेतो,
बाकीचं तुझं तू बघ म्हणतो.
तुझ्या मोबाइलमधला तो चिमुकला एसक्यूलाइट,
एक जण लिहायला बसला
की दुसऱ्या लिहिणाऱ्याला दारातच उभा करतो.

आणि वाचणारे?
त्यांना सहसा कुणी अडवत नाही.
ते आले त्या क्षणाचं चित्र त्यांच्यापुढे धरतात.
खाली सगळं बदललं तरी
जुनी नोंद तशीच ठेवतात, कुणीतरी बघतंय म्हणून.
झाडू नंतर मारायचा.

बोलता बोलता मी तळवलीला पोचले होते.
साडेबारा टक्क्यांचा भूखंड.
वाटपाचं पत्र बाबांच्या ट्रंकेत,
वारस दाखला हिराजीकाकांच्या कपाटात.
आधी पत्र दाखव.
आधी दाखला आण.
नऊ वर्षं.
एका भिंतीच्या दोन अंगांना दोन गणपती,
आरती एकच,
अर्ध्या ओळीने मागेपुढे.

उरणला दिलेली गोमीआत्या
लग्नाच्या दिवशीचं चित्र घेऊन बसलेली.
तिच्या लेखी दोघे भाऊ अजून
विहिरीच्या काठावर एकाच ताटात
बोंबील-भाकरी खात होते.

तिचंच नाव निघालं.
तिने सगळ्यांत कमी लिहिलं होतं.
ठाण्याला निबंधकाकडे बारा मिनिटं,
शाईने भरलेला अंगठा पदराला पुसत म्हणाली,
मना काय नको, तुमी सुखान रवा.
तिचा तिसरा हिस्सा दोघांत वाटला गेला
आणि त्याच आठवड्यात ट्रंक उघडली, कपाटही.

मुळात असं होऊच नये म्हणून? इर्शाद विचारतो.
सगळ्यांनी एकाच क्रमाने हात घालायचा.
लहान आकडा आधी, मग मोठा.
थोरला, धाकटा, बहीण, काही नाही. आकडा.
एवढंच? एवढंच.
कुणी पाळत नाही.

पडद्यावर एक व्यवहार मेला.
दुसरा मागे न बघता पुढे सरकला.
मेलेल्याला निरोप गेला:
तुम्हाला बळी म्हणून निवडलं आहे, पुन्हा प्रयत्न करा.
तो पुन्हा उभा राहिला.

त्याला निरोप तरी गेला.

इर्शाद चहा आणायला उतरलाय.
खाली ठाणे-बेलापूर रस्त्यावर टँकरची रांग.
आत्या चारला उठते, मासळी आणायला बंदरावर जाते.
तिला वाटत असणार, पोरगी फोन करील.
मला वाटत आलंय, ती करील.
चाराला दहा कमी.
नंबर काढून ठेवलाय.