पाणी पोचायच्या आधी

सू फॉल्सच्या बाहेर, मक्याच्या शेतांमध्ये,
एका बिनखिडक्यांच्या इमारतीत
जमीन टेपांवर गुंडाळून ठेवलेली असते.
तिथून ती काचेच्या तंतूतून निघते
चौकोन चौकोन होऊन,
आणि शेकडो मैलांवर, कॅन्ससात, आमच्या पडद्यावर
पुन्हा डोंगर होते.

माझं काम एकच. उशीर मारायचा.
कुठल्या वळणावर किती मिलिसेकंद अडकले ते हुडकायचं,
गव्हातले खडे वेचावेत तसे वेचून टाकायचे.
मान वळली की दरी वळली पाहिजे,
नाहीतर पाहुण्यांच्या पोटात ढवळतं
आणि अनुदान देणाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते.

युक्ती साधीच आहे.
बारीक चौकोन वाटेत असतो तोवर
खालचा जाडाभरडा थर दाखवायचा.
दुधाची तहान ताकावर,
फक्त इथे दूध येतंच, पाऊण सेकंदात.
तो थर कुणीतरी जुन्या विमानी फोटोंवरून केलेला;
नवा करायला पैसे नव्हते,
आणि पाऊण सेकंदाकडे बघतंय कोण?

बघितलं डेल्फीन हाय एल्कनं.
मिझुरीकाठची लाकोटा मंडळी आली होती
पाण्याच्या हक्काचे नकाशे बघायला.
त्यांतली ती सत्तरीची, पायांत मुलाचे बूट,
मांडीवर न उघडलेला डबा.
ऑर्विल टोल्फसन, आमचा प्रमुख,
सगळ्यांना घारीच्या उंचीवरून नदीभर हिंडवत होता.

"थांब. मागे जा."
तो मागे गेला. धरण. सपाट निळा तलाव.
"हे नव्हे. याच्या आधीचं."
कशाच्या आधीचं?
"पाणी यायच्या आधीचं. आत्ता होतं की!"

ऑर्विल हसला. तो दोष आहे, म्हणाला,
पुढच्या आवृत्तीत काढून टाकू.

मी जॉयस्टिक घेतली, त्याच वाटेनं उडालो
आणि चार वर्षांत पहिल्यांदा
तो पाऊण सेकंद बघितला.
राखाडी दाणे. कॉटनवुडच्या झाडांची रांग.
नदीचं वाकडं कोपर, त्यात एक छप्पर.
मग वरून चौकोन आला,
बारीक, अचूक, ताजा,
आणि सगळं बुडालं.

पुन्हा उडालो.
पुन्हा बुडालं.

"छपराशी पोचते मी," ती म्हणाली,
"विहिरीकडे वळेपर्यंत पाणी येतं.
फार घाई आहे तुमच्या यंत्राला.
आम्हांला तेव्हा निदान एक हिवाळा मिळाला होता."

जेवायची सुट्टी झाली. मंडळी गेली. ती उठली नाही.
मी कपाटामागे गेलो, गुडघ्यांवर बसलो,
आणि केशरी तार उपसली.

पडदा थबकला. दूध येईना.
ती पडद्याला नाक लागेल इतकी जवळ गेली,
बोटानं चालू लागली:
दार, विहीर, विहिरीकडून चर्चची पायवाट,
आलुबुखाराची जाळी, जिथे बहिणीचा झगा फाटला,
कुंपण, कुंपणापाशी एक काळा ठिपका.
"काकाचा घोडा," ती म्हणाली.
फिल्मवरची धूळ असते तशी. मला ठाऊक आहे,
अशी धूळ पुसायचा पगार घेतलाय मी.
घोडाच होता तो.

मग तिनं डबा उघडला,
अर्धी तळलेली भाकरी मला दिली,
आणि आम्ही तिच्या अंगणात बसून जेवलो.
पंख्यांचा आवाज होता. दुसरं कुणी नव्हतं.

त्या दिवसाच्या नोंदवहीत माझ्याच अक्षरात आहे:
जोडणी खंडित, बारा दहा ते एक पाच.
कारणाचा रकाना कोरा.
दुरुस्ती: तार परत बसवली.
परिणाम: पाणी पूर्ववत.