दोन बादल्या

आधी वाटलं, कुणा पोराने
बडीशेपेची काडी टाकली पाण्यात.
मग ती काडी दुसऱ्या दिवशी बोटभर लांब झाली.

मालवणात भरडावर माझा दवाखाना,
बाकासमोर चार फुटांची टाकी, क्लाउन माशांची जोडी
आणि कारखान्यातून आलेले दगड,
पोवळ्यांसारखे दिसणारे, तीन वर्षं कोरे.
आता त्यांच्यावरून सरपटत निघालेली हिरवी दोरी,
खाली मुळांचे केस,
वर उभी पिसं.

सरगॅसम म्हणावं तर हवेचे मणी नाहीत.
समुद्री सॅलड तर ओल्या प्लास्टिकसारखं, पातळ,
ते नव्हेच.

शेवटचा पेशंट गेल्यावर
तोंडात घालायचा आरसा मी पाण्यात घातला,
अक्कलदाढेची मागची बाजू बघावी
तशी पिसाची बघितली.
पिसाचे दाते चपटे की गोल, एवढ्यावर जात ठरते.
जन्म गेला दातांत, आणि हे ठरेना.
निळ्या दिव्याखाली चपटे वाटत,
टॉर्च मारला की गोल.

आणि आलं कुठून?
समुद्र इथून सात मिनिटांवर,
तरी माझ्या टाकीचं मीठ पुण्याहून कुरिअरने येतं,
पिशवीवर शिडाच्या जहाजाचं चित्र.
लोक हसतात. हसू देत.
बंदराचं पाणी, त्यातलं डिझेल, जाळ्यांचं धुणं
मी आत येऊ देत नाही.

फक्त एकदा. ऑगस्टात घाट बंद होता,
मीठ कोल्हापुरात अडकलेलं,
तेव्हा इनासने दांडीवरून दोन बादल्या आणल्या.
मी गाळल्या, धोतराच्या दुपदरी फडक्यातून.
दुपदरी फडक्यातून काय काय जातं
हे कॉलेजात शिकवलं नव्हतं.

जयवंती मेतर कवळीचं माप द्यायला आली,
सुकतीला खडपावर कालवं फोडणारी,
नखांच्या कडा शिंपल्यांनी कापलेल्या.
काचेला नाक लावून बोळक्या तोंडाने हसली.
"ह्या हय खय इला?"
ओळखता तुम्ही?
"वळखूक काय? रोज पायान चेपतंय ह्येका."
मग नाव सांगा.
ती थोडा वेळ खरंच आठवत राहिली.
"नाव खावच्या जिनसाक असता, बाय.
ह्या कोण खाता?"
आणि खुर्चीत बसून तिने आ केला.

रात्री एका जुन्या केसपेपरच्या पाठीवर मी लिहिलं:
कॉलर्पा, पुढे प्रश्नचिन्ह.
पुस्तक सांगत होतं,
दोरी, केस, पिसं, सगळं मिळून एकच पेशी.
आत कुठे भिंतच नाही.
कापली तर जखम आपली आपण बुजवते,
तुकडाही वाढू लागतो.
आणि कधी तरी, कुणालाही न विचारता,
एका रात्रीत सगळं पाण्यात सोडून देते.

टाके कापायची कात्री हातात घेऊन
मी तीन रात्री बसले तिच्यासमोर.
कापलं नाही. दया म्हणू नका,
अजून ओळख पटायची होती.

मंगळवारी इनासने शटर उघडलं आणि फोन केला,
"डॉक्टर, टाकीत दूध कोणी ओतलान?"

पिसं होती तिथेच उभी होती,
रंग तेवढा गेलेला. काचेसारखी, आरपार.
मी आरसा आत घातला.
दाते आता एकेक मोजता येत होते.
गोल होते.

मासे वर येऊन तोंडं उघडत होते, मिटत होते.
इनासने पिशवी ओढली, जहाजाचं चित्र
दातांनी फाडायला घेतलं.
थांब, मी म्हटलं,
मीठ विरघळेपर्यंत मरतील ही.
बादल्या घे.

तो दारातून परत वळला.
"आणि फडका?"

फडकं राहू दे.