लोआकानचा न्हावी

एक एप्रिलला फाटकाशी आया म्हणतात,
पोराच्या केसालाही धक्का लागू देऊ नका.
आणि आत शिरलेलं पोरगं पहिलं येतं
ते माझ्या खुर्चीत.

चार मिनिटं पुरतात डोक्याला.
इलोकोसचे राठ केस, पानायच्या कोळ्यांचे उन्हाने पिंगटलेले,
होलोच्या एका तौसुग पोराचे
खोबरेलाने चप्प बसलेले.
कापले की कुणाचे कुठले ते मलाही सांगता येत नाही.
झाडू कोपऱ्यात असतो.
ज्याचे त्याने झाडायचे, ही इथली रीत.
गोटा झालेलं डोकं खाली घालून
पोरं स्वतःला सुपलीत भरतात.

मग वर्षभर त्यांना नाव नाही.
नुसते प्लीब. हनुवटी आत, नजर समोर,
भिंतीच्या कडेने चालणं, वळणं काटकोनात,
खुर्चीच्या फक्त टोकावर बूड.
ओळखीचा दिवस येतो तेव्हा वरच्या वर्गातला एकेक जण
हात पुढे करतो, नाव विचारतो.
पोरं रडतात. मी पाहिलंय.
त्या आधी हात मिळवणं म्हणजे
काय होतं ते विचारू नका.

मुली आल्या त्या वर्षी किती कापायचे
मला कुणीच सांगितलं नव्हतं.
रोसेन्दा मागबानुआ म्हणाली, कानाच्या वर, मानोंग, आणि लवकर.
वेणी तिने कागदात बांधून घरी धाडली.
टपालाचे पैसे माझे.
अजून यायचे आहेत.

इतिहास ते वर्गात शिकतात.
मालोलोसची पहिली शाळा तीन महिनेही टिकली नाही,
युद्धच आलं परीक्षेआधी.
मला ठाऊक आहे तो बापाने सांगितलेला.
तेव्हा अकादमी टीचर्स कॅम्पात होती,
डिसेंबर होता, पाइनवर धुकं,
आणि बापाच्या हाताखाली एक कॅडेट,
डावी बाजू झालेली.
बागियोवर विमानं आली.
पोरगं उठलं, गळ्याभोवतीचा पंचा तसाच, पळालं.
त्या वर्गाला घाईने अधिकारी केलं, खाली धाडलं, बातानला.
बाप मरेपर्यंत म्हणायचा,
माझं एक डोकं राहिलंय.

फेब्रुवारीत जुने येतात, संचलनाला.
वर्षाची पाटी पुढे, मागे त्या वर्षाचे लोक,
पोट आत घेऊन.
परवा एका पाटीमागे एकच माणूस होता.
पाटीही त्यानेच धरलेली.

संध्याकाळी तो दारात उभा.
एउस्ताकियो दुम्लाव, म्हणाला.
मग टोपी काढली:
उजवी बाजू राहिली होती.

डोक्यावर एक केस नाही, देवाशपथ.
मी पंचा बांधला.
कात्री घेतली, कंगवा घेतला,
उजव्या कानावरून वर, बोटभर अंतर राखून,
चालवली.
तो डोळे मिटून ऐकत होता.
मधेच म्हणाला, तुझा बाप जरा जोरात ओढायचा.
मी जरा जोरात ओढलं,
काय ते विचारू नका.

उठला तो थेट कोपऱ्यात गेला.
झाडू घेतला. वाकायला वेळ लागला.
स्वच्छ फरशी त्याने भिंतीपासून दारापर्यंत झाडली,
सुपली भरली, बाहेर पाइनखाली
रिकामी करून आला.

बाकावर एक प्लीब बसला होता, टोकावर,
नजर भिंतीवरल्या खिळ्याला.
म्हाताऱ्याने त्याच्यासमोर हात धरला.
नाव काय तुझं?

ओळखीच्या दिवसाला महिने होते अजून.
पोराच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली.
हात मांडीवरून सुटला की नाही
मी सांगणार नाही.
मी वस्तऱ्याला धार लावत होतो,
पाठ करून,
नेहमीपेक्षा बराच वेळ.