माझा धूर नव्हे

मंगळवार. करड्या डब्यांचा दिवस.
आर्ब्रोथच्या बंदरामागची गल्ली, सातला दहा मिनिटं कमी,
आणि बोगुशने मागून पत्र्यावर तीनदा थाप मारली.
एक थाप म्हणजे थांब. दोन म्हणजे चल.
तीनचं आमचं कधी काही ठरलंच नव्हतं.

आरशात धूर.
आमच्या गावाला धुराचं काय कौतुक?
इथे हॅडॉक मासे शेपटीला शेपूट बांधून
लाकडाच्या धगीवर टांगतात;
पोरं शाळेत जातात तीही स्वेटरात धूर घेऊन.
पण हा पांढरा, घाईत असलेला,
कुजक्या फळावर नेलपॉलिश सांडावं तसा गोडसर.
भट्टीच्या दारातून इशबेल कारगिल ओरडली,
"मर्डो, हा माझा धूर नव्हे!"
साठ वर्षं धुरात काढलेल्या बाईचं नाक.
पंचनामा तिथेच झाला.

नियम स्टिअरिंगशेजारी चिकटवलाय:
विझवत बसू नका. मोकळी जागा बघा. ओता.
मोकळी जागा म्हणजे मासळीलिलावाचं पटांगण,
इशबेलच्या दारापासून चाळीस पावलं.
मी कळ दाबली.
गल्लीचा अख्खा आठवडा रस्त्यावर आला:
चहाचा चोथा, लंगोट, फाडलेली बिलं,
ज्यांना आपण पीत नाही म्हणून ओळखतो त्यांच्या बाटल्या,
आणि ढिगाच्या पोटात कुठेतरी
फट्. फट्. मग लांबलचक फूत्कार.

बंब आला. विझलं म्हणेपर्यंत पुन्हा पेटलं.
पुन्हा पाणी. पुन्हा पेटलं.
बंबवाल्यांची प्रमुख ऊना मला म्हणाली,
पाणी मारणं सोपं आहे हो,
मारलेलं पाणी जातं कुठे ते बघायचं.
तिची दोन माणसं वाळूच्या पिशव्या घेऊन
गटाराच्या जाळीकडे धावत होती,
कारण जाळीखाली नळ, आणि नळाखाली बंदर.
त्या काळ्या पाण्यात काय काय असतं ते तिने सांगितलं.
मला दोनच शब्द कळले:
आम्ल, आणि खेकडे.

तीन तासांनी बोगुशने चिमट्यात धरून दाखवलं:
करंगळीएवढं, जांभळं,
ओढून फेकायचं वेप.
अर्धं लेबल शाबूत. कलिंगड.
आत दोन थर असतात म्हणे, मध्ये
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा.
आमच्याच गाडीच्या दाबपट्टीने त्याची कंबर मोडली,
पडदा फाटला,
आणि ज्यांची गाठ पडू नये त्यांची पडली.
शेकडो वेळा भरता आली असती ती बॅटरी.
कुणीतरी एकदाच वापरली.

कुणी?
गल्लीने शेजारच्या दाराकडे पाहिलं.
शेजारच्या दाराने त्याच्या शेजारच्या.
मीही पाहिलं, बराच वेळ, भुवई उंचावून.

संध्याकाळी स्वयंपाकघरातला खालचा खण उघडला.
सुतळी, कुठल्याच कुलपाच्या नसलेल्या किल्ल्या,
ड्रिलच्या दोन बॅटऱ्या, आणि जुना फोन,
पाव फुगावा तसा फुगलेला, काच एका कडेने उचललेली.
जपून ठेवलाय असं मी म्हणायचो.
विसरलो होतो.
आणि दाढीचं यंत्र?
गेल्या नाताळानंतर कुठे गेलं ते?
आठवलं. उभ्या उभ्या आठवलं.
करड्या डब्यात.
मीच. वर चहाचा चोथा पसरून.

बुधवारी सुट्टी घेतली.
बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी.
फोन बिस्किटांच्या डब्यात, कोरड्या वाळूत,
दाबायचा नाही, टोचायचा नाही, झाकण घट्ट लावायचं नाही.
नगरपालिकेच्या आवारात त्यांच्यासाठी लाल पिंप आहे.
बावीस वर्षं मी रोज त्याच्यापुढून गाडी नेतोय.
डबा शेजारच्या सीटवर ठेवला, पट्टा लावला,
चारी खिडक्या उघड्या, वेग
वरातीतल्या घोड्याचा.

इशबेल दारात उभी होती.
हात दाखवून थांबवलं, खिडकीत वाकली,
डब्यावर नाक नेऊन
डोळे मिटून बराच वेळ हुंगलं.
"काही नाही," मी म्हणालो.
"अजून नाही," ती म्हणाली.
"जा लवकर."