डावीकडे वळताना

रोझीबाईंनी चावी दिली तेव्हाच सांगितलं होतं,
‘डावीकडं वळताना जपून हां. तिथं ती रुसते.’
मी हसले.
चौऱ्याहत्तरची येझदी, सहा व्होल्टांची,
आणि मी, कोलशेतच्या सबस्टेशनात
बावीस हजारांशी रात्रपाळीला एकटी बसणारी.

पहिल्याच डाव्या वळणावर, चरईच्या तोंडाशी,
दिवा मिणमिणला. इंजिन गप्प.
मागच्या रिक्षावाल्यानं माझ्या खानदानाची
मोठ्यानं चौकशी केली.

बॅटरी: सहा पूर्णांक दोन. ठीक.
पॉइंट्स पुसले भाच्याच्या मुंजीच्या पत्रिकेनं,
कागद जाड होता, काजळी छान उचलली.
डायनामोचा एक कार्बन झिजून करंगळीच्या नखाएवढा,
तो बदलला.
फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी!
ती फेकली, खरा फ्यूज बसवला,
तो गोखले रोडपर्यंतही टिकला नाही.
मग फ्यूजची डबीच घेतली, वीसची.
दुकानदार म्हणाला, घरात काही कार्य आहे का?

राबोडीच्या शौकतनं उकिडवं बसून पाहिलं,
बॅटरीची पट्टी चेसीला जिथं जखडली होती
तिथं नखानं टकटक केलं.
‘मॅडम, खाली रंग आहे. अर्थच लागत नाय.’
मी रंग खरवडला, लोखंड पांढरं होईपर्यंत.
दिवा उजळला, हे खरं.
डावीकडे मात्र अजून अंधार.

त्या दिवसांत मी फक्त उजवीकडे वळत असे.
एका डाव्यासाठी तीन उजवी,
रात्री अकराला मासुंदा तलावाला प्रदक्षिणा,
भेळवाला मला भाविक समजू लागला.

कामावर मीच नव्या पोरांना सांगते:
आधी तक्रार करणाऱ्याचं नीट ऐका,
मीटर नंतर काढा.

शेवटी एका रविवारी
हँडल डावीकडे ओढून सुतळीनं फाटकाला बांधलं.
टाकी उतरवली. टेस्ट बल्बची एक वायर तोंडात धरून
(हे पोरांना सांगत नाही)
मानेपाशी वायरींची जुडी उसवली.
टेप कसली, चिकट गुळाची कातडी,
आतून लाल वायर
मानेच्या कडेवर घासून घासून उघडी पडलेली,
तांबं हिरवं,
हँडल वळलं की नेमकं लोखंडाला टेकणारं.

आणि तिच्यापासून बोटभर वर
एक जुना जोड.
नीट पिळलेला, वेणीसारखा,
वरून टेप नाही, स्लीव्ह नाही,
किरमिजी नेलपॉलिश. तीन-चार हात दिलेलं.
मीटर लावला. पक्का. एक टवका उडाला नव्हता.

संध्याकाळी गेले. त्या बोंबील निवडत होत्या.
हात न थांबवता म्हणाल्या,
‘माजाच तो. एकोणऐंशी सालचा नाताळ.
बस्त्याव चिडून पायी गेला मिस्साला.
मी कंदील घेतला नि बसले.
नखांना लावायला आणलेली शिशी,
नखांना कधी लावलीच नाय.
तो आला, किक मारली, चालू.
म्हणाला, बघ, गाडीला माजी दया आली.’

‘तुम्ही सांगितलं नाही?’

‘सांगितलं असतं
तर त्यानं परत उघडून बघितलं असतं.’

लाल वायर मी नवी घातली,
मानेशी थोडी सैल, वळायला जागा ठेवून.
त्या जोडाला हात लावला नाही.
जुडीवर नवी टेप गुंडाळताना
तिथं जरा हलका हात ठेवला, इतकंच.

काल चरईला डावीकडे वळले, दिवा तस्सा.
परत फिरून पुन्हा वळले.
भेळवाला आज मला उलट्या दिशेनं जाताना बघून
काहीतरी पुटपुटला.

हॉर्न अजून वाजत नाही.
मीटर पिशवीतच आहे.
आधी रोझीबाईंना विचारते.