शेरा

फॉर्मवर 'नेत्रावळी' एवढंच मावलं,
वाड्याचं नाव चौकटीबाहेर गेलं.
आम्ही पाचजण. एकमेकांची जमीन एकमेकांनी तपासायची,
साहेब नंतर, आधी शेजारी,
असा हा सेंद्रियचा दाखला.

सकाळी पिएदादचं परस. मिरीवेल, अळू, दोन जायफळं.
वाचायचा चष्मा दोरीनं गळ्यात;
प्रत्येक प्रश्न ती आधी कोकणीत करून घेई
आणि मग रागानं उत्तर देई.
शेण कुठलं? गाईचं.
कुठल्या गाईचं? ती बघ, त्या गाईचं.
गाय आमच्याकडे बघत राहिली.
झिलूनं बरोबरची खूण केली.

मग फोंडू वेळीपचं कुळागर.
पाटाचं पाणी पायांना गार, वर पोफळींचा काळोख,
आणि तिसऱ्या ओळीपासून पाचव्यापर्यंत
गवत पिवळं.
उन्हानं करपलेलं गवत असं सरळ रेषेत करपत नाही.
सगळ्यांनी बघितलं.
झिलू शेंड्यांतल्या सुपाऱ्या मोजू लागला,
पिएदादनं चष्मा पुसायला घेतला,
शाणूला तहान लागली.
पेन माझ्याकडे होतं.
फोंडू म्हणाला, शिमग्यानंतर पाठ धरली,
पुतण्या वास्कोला, माणूस मिळेना.
एकच पंप. तीनच ओळी.
मग म्हणाला, तू लिही तुला काय लिहायचं ते.

मी म्हटलं, आधी माझ्याकडे चला.

माझ्या अंगणात सोलं वाळत होती,
सातातलं चौथं पूट, रस पिऊन काळसर झालेली.
मीठ कुठलं? आगरवाड्याचं.
आगराला दाखला आहे? झिलूनं विचारलं, फॉर्ममध्ये होतं म्हणून.
दर्याला विचार, पिएदाद म्हणाली, आणि आम्ही हसलो,
फोंडू सोडून.
तो खाली बघत होता.
सोलांखाली पसरलेल्या पिशव्या,
दोनदा धुतलेल्या, उलट्या केलेल्या, तरी उन्हात
आतली अक्षरं वर येतात:
युरिया.
पोफळी लावल्या त्या वर्षी त्यानंच दिल्या होत्या, फुकट.
चार वर्षं मी त्यांच्यावर सोलं वाळवते,
चार वर्षं पाकिटावर 'शुद्ध' लिहिते, स्वतःच्या हातानं,
शाळेत बक्षीस मिळालेल्या अक्षरात.
हे त्याला ठाऊक होतं.
त्या पिवळ्या गवतात उभा असतानाही
तो हे बोलला नव्हता.

उंबऱ्यावर बसून मी दोन 'होय' लिहिले,
वर माझा, खाली त्याचा.
आता पाचही जणांचं एक वर्ष मागे जाणार.
मडगावच्या दुकानदाराला काय सांगू? पिएदादनं विचारलं.
उत्तर कुणाकडेच नव्हतं.
मग तिनंच पिशवीची दोन टोकं धरली,
दोन मी.
झिलू घरोघर जाऊन सुपं घेऊन आला,
पुरली नाहीत.
उरलेली सोलं आम्ही केळीच्या पानांवर टाकली, एकेक,
हात कोपरापर्यंत लाल.

शेऱ्यासाठी तीन ओळी सोडलेल्या होत्या.
फोंडूनं सांगितलं, मी लिहिलं:
गवत परत येत आहे.
बाकीच्या दोन ओळी तशाच राहिल्या.
त्याच हातांनी पाचांनी सह्या केल्या.

पंधरा दिवसांनी अर्ज पोस्टानं परत आला,
शेऱ्याच्या खाली कुणाचा तरी शेरा:
अर्जावर डाग आहेत.
स्वच्छ प्रत जोडावी.